पाटी आणि काटा : सुजेचे रक्तरिपोर्ट कसे वाचावेत

ईएसआरच्या, म्हणजे रक्तपेशी किती वेगाने तळाला बसतात ते मोजायच्या, नळ्या मी २२ वर्षं लावल्या. लॅबमध्ये टेक्निशियन होते. चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेट मिसळायचं, खुणा केलेल्या उंच काचेच्या नळीत ते चढवायचं, नळी स्टँडमध्ये सरळ उभी करायची आणि बरोबर तासाभराने वर किती मिलिमीटर प्लाझ्मा सुटलाय ते वाचायचं. आकडा लिहिला की माझं काम संपलं. तो आकडा घेऊन घरी गेलेल्या माणसाची रात्र कशी जाते ते मला कळलं माझीच बोटं सकाळी मुठीत वळेनाशी झाली तेव्हा. आमवाताला (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए) आता नऊ वर्षं होतील. रिपोर्ट छापणारी आणि रिपोर्टची वाट बघणारी अशा दोन्ही खुर्च्यांवर बसून झाल्यामुळे हे लिहायला घेतलंय.

एक गोष्ट आधीच सांगते. रिपोर्ट वाचता यायला लागले म्हणून औषधाचा डोस मी स्वतःच्या मनाने एकदाही हलवलेला नाही. वाचायचं ते डॉक्टरांसमोर नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून, आणि उगाच घाबरायचं वाचावं म्हणून.

आता कामाला लागू. जुने-नवे सगळे रिपोर्ट काढा आणि त्यांचे दोन गठ्ठे करा. पहिल्या गठ्ठ्यातल्या तपासण्या दारावरच्या पाटीसारख्या असतात. घर कोणाचं ते त्या सांगतात. आत आज भांडण चालू आहे की सगळे झोपलेत, ते पाटीवरून कळत नाही. आमवाताच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, पेशींच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी एएनए, मणक्याच्या संधिवातात बघतात ती एचएलए-बी२७, थायरॉइडची अँटी-टीपीओ या सगळ्या पाट्या. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या तपासण्या म्हणजे वजनकाट्याचा काटा. तो हलतो. ईएसआर आणि सीआरपी (सूज आली की यकृत बनवतं ते प्रथिन) त्यातले मुख्य. ल्युपस (आपलीच प्रतिकारशक्ती त्वचा, सांधे, मूत्रपिंडावर उलटते तो आजार) असेल तर सी३, सी४ ही रक्तातली प्रथिनं, अँटी-डीएसडीएनए ही अँटीबॉडी आणि लघवीतलं प्रथिन. आतड्याचा क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. ती रक्ताची तपासणी नाही, पण काटाच आहे.

माझ्या पाहण्यात निम्मी घबराट पाटीला काटा समजण्यातून येते. ‘माझा आरए फॅक्टर १८० होता, आता १४० झाला, म्हणजे बरं वाटतंय ना?’ असं विचारणारे कितीतरी भेटले. बरं वाटतंय का, ते सांध्यांना विचारा. आरए फॅक्टर म्हणजे आपल्याच आयजीजी अँटीबॉडीच्या शेपटाला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी. नॉर्वेच्या एरिक वॉलरने ती १९४० मध्ये नोंदवली. ती सापडली म्हणजे आमवातच, असंही नाही. हिपॅटायटिस सी, डोळे-तोंड कोरडं पाडणारा शोग्रेन, हृदयाच्या झडपेचा जुना संसर्ग यांतही ती निघते, आणि ठणठणीत म्हाताऱ्या माणसांतही. अँटी-सीसीपी जास्त नेमकी आहे. ती पॉझिटिव्ह असेल, त्यातही लॅबच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर डॉक्टर ती गंभीरपणे घेतात; २०१० च्या निकषांमध्ये तिपटीच्या वरच्या आकड्याला जास्त गुण आहेत. पण निदान झाल्यावर दर तीन महिन्यांनी ती पुन्हा करून आजाराची चाल कळत नाही. माझी नऊ वर्षांत दोनदा झाली. दुसऱ्यांदा मी नवीन डॉक्टरांकडे गेले होते आणि जुना कागद सापडत नव्हता, म्हणून. तेव्हापासून पाट्यांचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. तुम्हीही ठेवा.

एएनएबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथे बघितली. माझ्या भाचीने कसल्याशा पॅकेजमध्ये ती करून घेतली आणि ‘पॉझिटिव्ह, १:८०’ वाचून रात्री साडेअकराला फोन केला. १:८० म्हणजे तिचं रक्त ८० पट पातळ केलं तरी पेशींच्या केंद्रकावर चमक दिसत होती. ऐकायला भयंकर वाटतं. पण निरोगी माणसांचं रक्त तपासलं तर १:४० ला सुमारे ३० टक्के, १:८० ला १३ टक्क्यांच्या आसपास आणि १:१६० ला ५ टक्के माणसं पॉझिटिव्ह निघतात. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांमध्ये १:८० ही नुसती आत शिरायची पायरी आहे. पुरळ, सांधे, लघवी, रक्तपेशी यांत काही सापडलं तरच पुढची मोजणी सुरू होते. भाचीला यातलं काही नव्हतं. एकदा आलेली एएनए पुन्हा पुन्हा करू नका. तिचा टायटर, म्हणजे हा १:८० सारखा आकडा, वर-खाली होतो आणि त्यावरून आजार वाढला-घटला असं धरत नाहीत.

आता काटे. ईएसआर कसा चालतो ते समजलं की तो कधी फसवेल तेही आपोआप कळतं. शरीरात सूज असली की यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवतं. त्यामुळे लाल पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात. चळत सुट्या नाण्यापेक्षा लवकर तळाला जाते. एवढंच. पोलंडच्या बिएर्नात्स्कीने १८९७ मध्ये हे मांडलं. पुढे स्वीडनमध्ये फोरेउस गरोदरपणाची तपासणी शोधता शोधता याच्याकडे वळला आणि वेस्टरग्रेनने १९२१ मध्ये आजची पद्धत बसवली. गरोदरपणात ईएसआर चढलेलाच असतो, तो आजार नव्हे, हे त्यातच आलं.

म्हणजे ईएसआर सूज थेट मोजत नाही, पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजतो. रक्त कमी असेल, पेशी विरळ असतील, तर त्या अडखळत नाहीत आणि भरभर बसतात, आकडा फुगतो. वय वाढलं की वाढतो. मूत्रपिंडाचा आजार असला, अँटीबॉडी जास्त असल्या, तरी वाढतो. वयाचा एक ढोबळ हिशेब आम्ही लॅबमध्ये वापरायचो. पुरुषाचं वय भागिले दोन. बाईचं वय अधिक दहा, भागिले दोन. मी ५४ ची, म्हणजे माझी वरची मर्यादा ३२. रिपोर्टवर ‘० ते २०’ छापलेलं असतं आणि २८ शेजारी ठळक चांदणी येते. त्या चांदणीने माझी झोप जात नाही.

आणि लॅबच्या चुका? आहेत ना. नळी किंचित कलली तर पेशी कडेवरून घसरतात आणि आकडा वाढतो. एका ठिकाणी आमचं ईएसआरचं स्टँड सेंट्रिफ्यूजच्या टेबलावरच होतं; मशीन फिरायला लागलं की सगळ्या नळ्या थरथरायच्या. आठवडाभर सगळ्यांचेच आकडे चढलेले दिसल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं. उलट रक्त तासन् तास पडून राहिलं तर आकडा खोटा उतरतो. म्हणून नमुना काढतात तिथेच तपासणी होते का, हे विचारा. लांबून गोळा करून नेत असतील तर किती वेळात लावतात तेही विचारा. असं विचारणाऱ्या पेशंटचा आम्हाला राग यायचा नाही, उलट आम्ही सावध व्हायचो.

सीआरपी वेगळ्या जातीचा. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. न्यूमोनियाच्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला तो चिकटत होता, त्यावरून हे नाव. यकृताला आयएल-६ नावाचा निरोप मिळाला की ते सीआरपी बनवायला घेतं. सहा तासांत तो चढू लागतो, दोन दिवसांत शिखरावर जातो, आणि निरोप थांबला की दर १९ तासांनी निम्मा होतो. म्हणजे सीआरपी आजची बातमी देतो, तर ईएसआर दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं पत्र घेऊन येतो. फ्लेअर (आजाराची उसळी) ओसरल्यावर सीआरपी ४ आणि ईएसआर ४५ असं दिसलं तर बहुतेक वेळा ईएसआर मागे रेंगाळलेला असतो.

पण सीआरपीला जागा कळत नाही. दाढेखाली पू झाला तरी चढेल, लघवीचा संसर्ग झाला तरी चढेल. वजन जास्त असलेल्यांत आणि सिगारेट ओढणाऱ्यांत तो थोडा वर राहतोच.

आता माझी फजिती. सीआरपी १८ होता. औषध वाढवलं, दोन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमधून रिपोर्ट आला, १.८. मी घरात सगळ्यांना सांगत सुटले. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि आकड्याशेजारच्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं. आधीचा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर होता, हा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डेसिलिटरच्या आकड्याला दहाने गुणलं की लिटरचा होतो. १८ तो १८. २२ वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई, आणि एकक बघितलं नाही! तेव्हापासून वहीत आकडा लिहायच्या आधी सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आणते. शक्यतो लॅबही बदलत नाही. मशीन बदललं की छोटे फरक येतातच. ६ चा ८ झाला याला अर्थ नाही, ६ चा ३० झाला तर आहे. ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’ असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. प्रथिन तेच आहे, मोजणी बारीक आहे. ती हृदयविकाराचा धोका बघायला वापरतात आणि तिच्या शेजारी छापलेल्या मर्यादा त्या कामाच्या असतात.

दोन काटे एकमेकांशी पटत नसतील तर थांबून बघा. माझ्या वहीतल्या तीन ओळी देते.

पहिली : ईएसआर ३८, सीआरपी २२, सकाळचा ताठरपणा ९० मिनिटं, दोन्ही मनगटं सुजलेली. यात कोडं काही नाही, आमवात उसळला होता.

दुसरी : ईएसआर २६, सीआरपी ६४, ताठरपणा १० मिनिटं, सांधे शांत. डाव्या बाजूची दाढ ठणकत होती. दाढ काढली, आठ दिवसांनी सीआरपी ५. या आकड्यावर कोणी आमवाताचं औषध वाढवलं असतं तर आत पू असताना प्रतिकारशक्ती आणखी दाबली गेली असती.

तिसरी : ईएसआर ४८, सीआरपी ३, हिमोग्लोबिन ९.१. सांधे बरे, पण जिना चढताना धाप. हे रक्त कमी झाल्याचं प्रकरण होतं. लोह भरून काढल्यावर ईएसआर आपोआप ३० वर आला.

तिसऱ्या ओळीमुळे फेरिटिनचं सांगायला हवं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, असं आपण शिकतो. पण सूज असताना फेरिटिनही चढतं. सीआरपी ४० असताना फेरिटिन ६० आलं तर ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ नका. सुजेत १०० पर्यंतच्या आकड्यामागेही लोहाची कमतरता लपलेली असू शकते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सोबत करतात का ते विचारा. आणि फेरिटिन हजारोंच्या घरात, रोज ठराविक वेळी ताप, अंगावर येऊन-जाऊन पुरळ, असं असेल तर डॉक्टर स्टिल्स डिसीजचा विचार करतात. तिथे वाट बघत बसायचं नसतं. साध्या सीबीसीतही (रक्तपेशींच्या मोजणीत) सुजेच्या खुणा असतात. प्लेटलेट चढतात, हिमोग्लोबिन उतरतं. अल्ब्युमिनही खाली येतं. रोज दिसणारे कागद म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

ल्युपसवाल्यांनी वरचं सगळं वाचून आपल्यावर जसंच्या तसं लावू नये. त्यांच्यात आजार चांगला पेटलेला असताना सीआरपी नॉर्मल असणं अगदी नेहमीचं. ल्युपसमध्ये सीआरपी एकदम उसळला तर आधी संसर्ग शोधतात, किंवा छातीच्या-हृदयाच्या आवरणाला सूज आलीय का ते बघतात. त्यांचे खरे काटे उलट्या दिशेने फिरतात. अँटीबॉडीच्या गुठळ्या सी३ आणि सी४ खर्च करून टाकतात, म्हणून आजार वाढला की हे आकडे घटतात आणि अँटी-डीएसडीएनए चढतं. काहींचा सी४ जन्मतःच कमी असतो, म्हणून आपला शांत काळातला आकडा माहीत असणं महत्त्वाचं. आणि लघवी! मूत्रपिंड दुखत नाही. लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवा, पुढच्या ठरलेल्या तारखेला नाही.

आकडे नॉर्मल आणि माणूस बेजार, असंही असतं. माझ्या धाकट्या दिरांना अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, आहे. पहाटे तीनला पाठ जागी करते, तासभर फिरल्याशिवाय वाकता येत नाही, आणि सीआरपी ४. त्यांना दोन वर्षं ‘रिपोर्ट तर छान आहेत’ हेच ऐकावं लागलं. शेवटी माकडहाडाजवळच्या सांध्याच्या एमआरआयमध्ये सूज स्पष्ट दिसली. या आजारात ईएसआर-सीआरपी नॉर्मल असणं सर्रास आढळतं, आणि आमवाताच्या सुरुवातीलाही बऱ्याच जणांत तसंच असतं. अशा वेळी आकड्यांशी वाद घालत बसू नका. ताठरपणा किती मिनिटं, रात्री किती वेळा जाग, कुठला सांधा गरम, हे लिहून न्या.

डॉक्टर आमवातात डास-२८ हा आजाराच्या जोराचा स्कोर काढतात तेव्हा हेच करतात. २८ सांधे दाबून दुखणारे आणि सुजलेले मोजायचे, तुम्हाला एकूण कसं वाटतंय ते ० ते १०० मध्ये विचारायचं, आणि त्यात ईएसआर किंवा सीआरपी घालायचा. २.६ च्या खाली आजार शांत, ५.१ च्या वर जोरात. दोन गोष्टी विचारून घ्या : हा ईएसआरचा डास की सीआरपीचा? दोन्हींचे आकडे सारखे येत नाहीत, सीआरपीचा बहुधा कमी येतो. दुसरं, या २८ मध्ये पावलांचे सांधे नाहीत. माझी पावलं पेटलेली असताना स्कोर २.४ आला होता. मी चप्पल काढून पाय दाखवले तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली.

औषधंही काट्यावर बोट ठेवतात. स्टेरॉइडच्या गोळीने सीआरपी झपाट्याने उतरतो, म्हणून वहीत त्या आठवड्यातला डोस लिहायलाच हवा. सगळ्यात मोठी फसगत आमवातावरच्या टोसिलिझुमॅबमध्ये. हे इंजेक्शन आयएल-६ चा निरोपच यकृतापर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे सीआरपी जवळजवळ शून्यावर बसतो. सांधे सुजलेले असले तरी, आणि न्यूमोनिया झाला तरी. टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब या गोळ्याही थोड्याफार तसंच करतात. यातलं काही चालू असेल आणि ताप, खोकला किंवा थंडी वाजत असेल तर ‘सीआरपी नॉर्मल आला’ या वाक्यावर घरी परतू नका. आपण कुठलं औषध घेतो ते समोरच्याला मोठ्याने सांगा. रात्रपाळीच्या डॉक्टरला ते माहीत असेलच असं नाही.

मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधावर असलेल्यांचे यकृताचं एएलटी, पांढऱ्या पेशी, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन हे वेगळं खातं. तो आजाराचा काटा नव्हे, औषधावरचा पहारा आहे. आजार शांत झाला म्हणून या तपासण्या चुकवायच्या नसतात.

रक्त द्यायला जाताना फार सोपस्कार नाहीत. ईएसआर-सीआरपीला उपाशी राहावं लागत नाही. केसा-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. अँटीबॉडी आणि हॉर्मोनच्या काही तपासण्यांत त्या गोंधळ घालतात. सर्दी-तापात ठरलेली तपासणी असेल आणि घाई नसेल तर दोन आठवडे पुढे ढकलू का, असं डॉक्टरांना विचारा. लस घेतल्यावर दोन-तीन दिवस सीआरपी वर असू शकतो, तेवढं टाळा.

रिपोर्टची वाटच बघायची नाही असा एक प्रसंग मात्र आहे. वय पन्नाशीपुढे, नव्यानेच सुरू झालेली कानशिलाजवळची डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, नजर क्षणभर अंधारणं. डोक्याच्या धमनीला आलेली ही सूज डोळा घालवते. यात ईएसआर बहुतेकदा ५० च्या वर असतो, पण तो कळायच्या आत डॉक्टर स्टेरॉइड सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वही कशी? साधी, आडव्या रेघांची. तारीख, ईएसआर, सीआरपी लिटरमध्ये, हिमोग्लोबिन, ताठरपणा मिनिटांत, सुजलेले सांधे, चालू औषधं, आणि शेवटचा रुंद रकाना ‘वेगळं काय’. दाढ, सर्दी, जागरण, लस, पाळी, चुकलेला डोस, सगळं त्या रकान्यात. ताठरपणा रिपोर्ट हातात यायच्या आधी लिहा. आकडा बघितल्यावर दुखणंही तसंच आठवतं, हे मी स्वतःवर पडताळलंय. डॉक्टरांच्या टेबलावर मी फाइल उघडतच नाही, वहीतल्या शेवटच्या सहा ओळी पुढे सरकवते आणि एकच प्रश्न विचारते : यातली कुठली ओळ तुम्हाला इतरांशी न जुळणारी वाटते?